अलिबागला जायचं, पण तारीख भरती-ओहोटी बघून ठरवूया

ए-१०१ दादा: मंडळी, येत्या शनिवारी एका दिवसाची सहल, अलिबाग. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, गाड्या बोटीतच चढवायच्या. तासाभरात मांडवा. जेवणाआधी समुद्रातला कुलाबा किल्ला, ओहोटीला चालत जाता येतं. कोण कोण येतंय?

बी-३०४: आम्ही चौघे.

सी-२०२ वहिनी: आम्ही दोघं आणि सासूबाई.

ए-४०३ काकू: दादा, जरा थांबा. माझं माहेर अलिबागचं, म्हणून सांगते. येत्या शनिवारी पौर्णिमा आहे. आमच्याकडे साधा हिशेब असतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे तुम्ही किनाऱ्यावर उभे राहाल तेव्हा ऐन भरती, त्यातही उधाणाची. किल्ला समोर दिसेल, पण चालत जाता येणार नाही. पुढच्या शनिवारी सप्तमी. भरती सव्वापाचला, म्हणजे ओहोटी साडेअकराच्या सुमाराला. साडेदहाला पाण्यात पाय घालायचा आणि साडेबाराच्या आत परत यायचं.

बी-३०४: काकू, सप्तमीला वाळू पूर्ण उघडी पडते ना?

ए-४०३ काकू: नाही रे. सप्तमी-अष्टमीला भांग असते, पाणी फार मागे हटत नाही. घोटा-गुडघाभर पाणी लागेलच. सासूबाईंना घोडागाडीत बसवा. आणि वेळेचं मी उगाच म्हणत नाही. तीन वर्षांपूर्वी माझा भाचा मित्रांबरोबर आत गणपतीपाशी रेंगाळला. निघाले तेव्हा पाणी मांडीपर्यंत आलेलं, एकाची चप्पल आणि मोबाइल दोन्ही गेले. घरी आला तेव्हा थरथरत होता पोरगा. आत गेल्यावर तटाचे चिरे मात्र जवळून बघा. सांध्यात चुनाच नाही, नुसते दगडावर दगड. लाट फटींतून आत शिरते, तिचा जोर तिथेच मोडतो. महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू केलं, संभाजीराजांनी पुरं केलं. आणि भर समुद्रात गोड्या पाण्याची विहीर! लहानपणी आम्ही ओंजळीनं प्यायचो.

सी-५०१: कान्होजी आंग्रेंची समाधी गावातच ना? मुलांना नक्की दाखवायची आहे.

ए-४०३ काकू: हो, गावातच. दुपारी जेवून मग चौल-रेवदंडा.

डी-२०१ (कॉलेजवाली): काकू, कोर्लईला पण जाऊया ना! खाडीपलीकडेच आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, तरी गावात अजून पोर्तुगीज-मराठी मिसळलेली बोली बोलतात. स्वतः तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, आपली भाषा. मला ती एकदा कानांनी ऐकायचीय.

ए-४०३ काकू: जाऊया की. कोर्लईच्या किल्ल्याची चढण आहे, ज्यांना झेपेल त्यांनी चढा. बाकीचे रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसू. गावातल्या माणसांशी आधी गप्पा मार, मोबाइल एकदम तोंडासमोर धरू नकोस.

सी-२०२ वहिनी: पांढरे कांदे मिळतील का हो?

ए-४०३ काकू: हंगाम आहे, रस्त्याकडेला माळा टांगलेल्या दिसतील. पात सुकवून वेणीसारखी घट्ट विणलेली असेल तीच माळ घ्या, चांगली टिकते.

ए-१०१ दादा: ठरलं, पुढचा शनिवार. काकू, तुमचा हिशेब मी भरतीच्या तक्त्याशीही ताडून बघतो. परतीची रो-रो आजच काढून ठेवतो. गाडीचे नंबर रात्री नऊपर्यंत मला पाठवा.

बी-३०४: आमचे आता पाच. आईपण येते म्हणाली, घोडागाडीत दोन जागा धरा.