मदत हवी आहे : रशियन चित्रांतील चहाचे टेबल

बोरिस कुस्तोदिएव्ह यांच्या १९१८ सालच्या ‘चहा घेणारी व्यापाऱ्याची पत्नी’ या चित्रावर मी लेख लिहीत असून, त्यातील चहाच्या रीतीविषयी जाणकारांची मदत हवी आहे. सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयातील या चित्रात समोवार (चहासाठी पाणी तापवण्याचे तोटीचे धातूचे भांडे), कलिंगड, द्राक्षे आणि पाव यांनी भरलेल्या टेबलाशी बसलेली स्त्री बशीतून चहा पिते (आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे दृश्य परके वाटू नये), आणि ही सुबत्ता रंगवली गेली ती क्रांतीनंतरच्या टंचाईच्या काळात, चित्रकाराचे पाय लुळे पडलेले असताना. वासिली पेरोव्ह यांच्या १८६२ च्या चित्रात मात्र मॉस्कोजवळच्या मितिश्ची येथे चहा पिणारा लठ्ठ धर्मगुरू समोरच्या जायबंदी सैनिकाकडे पाहतही नाही. मला तरी हे चित्र अधिक बोचरे वाटते.

किटलीतील दाट कोऱ्या चहात समोवारातील गरम पाणी मिसळण्याची पद्धत मला परिचित आहे. परंतु साखरेचा खडा दातांत धरून चहा पिण्यामागे काटकसर होती की निव्वळ आवड, आणि आजच्या रशियन घरांत ती रीत उरली आहे का, हे तिथे राहिलेल्या सदस्यांनी कृपया सांगावे. कोळशावरचा समोवार कुणी प्रत्यक्ष वापरला असल्यास तो अनुभवही अवश्य लिहावा.