महाबलीपुरमला अर्धा दिवस पुरतो का?

वाटसरू : चेन्नईहून पुद्दुचेरीला जाताना महाबलीपुरम अर्ध्या दिवसात उरकले. किनाऱ्यावरचे मंदिर, दगडात कोरलेली रथांसारखी पाच देवळे म्हणजे पंचरथ, अर्जुनाची तपश्चर्या हा कातळावर कोरलेला शिल्पपट आणि कृष्णाचा लोण्याचा गोळा म्हणतात तो प्रचंड गोल दगड, एवढे पाहिले की झाले. वेरूळचे कैलास पाहिलेल्याने येथे मुक्काम करावा असे काही नाही आणि रस्त्याकडेच्या दुकानांत एकाच गणपतीच्या शंभर प्रती मांडलेल्या आहेत.

शिल्पवेडा : ‘उरकले’ हा शब्द वाचून राहवले नाही. पंचरथ सातव्या शतकातले आहेत आणि कैलास त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी कोरले गेले. शिवाय काही रथांचा खालचा भाग अपुरा राहिल्यामुळेच कारागीर शिखरापासून सुरुवात करून खाली कसा उतरत गेला, हे तेथे उघड्या डोळ्यांनी दिसते. अर्जुनाच्या तपश्चर्येसमोर मी दोन दिवस सकाळी जाऊन बसलो. मागच्या पायांवर उभे राहून तप करणारे मांजर आणि त्याच्या पायाशी जमलेले उंदीर पहिल्या दिवशी माझ्या नजरेतून सुटले होते. शेजारच्या कृष्णमंडपात धार काढली जात असताना वासराला चाटणारी गाय आहे, तीही आपण पाहिली नसणार. आणि दुकानांविषयी म्हणाल, तर या गावात १९५७ पासून शिल्पकलेचे सरकारी शिक्षण मिळते, त्या संस्थेचे प्रमुख राहिलेल्या गणपती स्थपतींनी कन्याकुमारीचा तमिळ संतकवी तिरुवळ्ळुवरांचा १३३ फुटी पुतळा घडवला, आणि येथील दगडी शिल्पांना २०१७ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

वाटसरू : मानांकनाचे कौतुक मला सांगू नका. रिक्षावाल्याने आम्हाला कमिशनच्या दुकानात नेले, तेथे फूटभर गणपती ‘पूर्ण हातकामाचा’ म्हणून गळ्यात मारला आणि घरी येऊन पाहतो तो सोंडेच्या खाचेत ग्राइंडरच्या पात्याच्या सरळ रेघा स्पष्ट दिसत आहेत. याला फसवणूकच म्हणतात.

शिल्पवेडा : ग्राइंडरच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत आहे. हे यंत्र देवमूर्तीच्या कामातून हद्दपारच केले पाहिजे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

पाथरवटाची नात : घाव दगडाने सोसायचे असतात, माणसाच्या फुप्फुसांनी नव्हे. माझे आजोबा जन्मभर पाटे-वरवंटे घडवीत आणि दारोदार जाऊन जात्यांना टाकी लावीत; त्यांच्याजवळ कोणतेही यंत्र नव्हते, तरी शेवटची आठ वर्षे ते उशीला टेकून बसूनच झोपले, कारण आडवे झाले की खोकल्याने जीव कासावीस होई. हद्दपारीची भाषा करणाऱ्यांनी आधी आठवडाभर छिन्नी हातात धरावी.

शिल्पवेडा : आपल्या दुःखाविषयी आदर आहे, पण कोरड्या ग्राइंडरने धूळ टाकीपेक्षा अधिक उडते आणि ती अधिक बारीक असते. म्हणजे आपलाच मुद्दा माझ्या बाजूने जातो.

पाथरवटाची नात : जात नाही. धूळ अधिक उडते हे मला मान्य आहे, पण म्हणूनच पात्यावर पाण्याची धार हवी आणि नाकातोंडावर चांगला मास्क हवा. यंत्र काढून घेतल्याने कारागिराचे फक्त मजुरीचे दिवस वाढतात आणि त्या वाढीव दिवसांचे पैसे कोणताही प्रवासी देत नाही. वाटसरू, आपण तरी दिले असते का?

वाटसरू : नसते दिले. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावर मी सौदा केला होता, हेही कबूल करतो. तरी जे यंत्राने केले ते यंत्राने केले असे सांगायला हवे होते, हा आग्रह मी सोडणार नाही. अर्धा दिवस कमी पडला एवढे मान्य. दोन दिवसांचे मात्र अजून पटलेले नाही.

शिल्पवेडा : हद्दपारीचा शब्द मी मागे घेतो. निदान मूर्तीचे डोळे आणि बोटे तरी हातानेच व्हावीत, एवढेच माझे म्हणणे.

पाथरवटाची नात : ती आजही हातानेच होताना मी पाहिली आहेत. पुन्हा गेलात तर दुकानाच्या दर्शनी भागात थांबू नका, मागच्या ताडपत्रीखाली जा. मी गेले तेव्हा तेथे एक कारागीर नंदीच्या एका पापणीवर तासभर काम करीत होता. दहा-बारा हलके ठोके मारून झाले की खाचेतली भुकटी फुंकण्यासाठी तो तोंड अगदी दगडाला टेकेपर्यंत खाली नेई, आणि त्याच्या गळ्यातला रुमाल नाकापर्यंत एकदाही वर आला नाही.