तरुण खेळाडूला एकविसाव्या वर्षीच आठ-दहा वर्षांसाठी बांधून घ्यावं का? (मेजर लीग बेसबॉल)

चॅटाहूचीकाठ:

परवा इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात या विषयावर वाद रंगला, आणि हॉल रिकामा करायची वेळ झाली म्हणून अर्ध्यावर राहिला. तो इथे पुरा करू या.

माझं मत सरळ आहे. पोरात दम दिसला की संघाने त्याचं नाव होईपर्यंत थांबू नये. पहिल्या-दुसऱ्या मोसमातच लांबचा करार करून मोकळं व्हावं. ही रीत नवी नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडचे जीएम (जनरल मॅनेजर, संघ जुळवणारा माणूस) जॉन हार्ट यांनी कार्लोस बायेर्गा, सँडी अलोमार अशा तरुण खेळाडूंना असंच आधी बांधून घेतलं, आणि वर्षानुवर्षं हरत आलेला तो संघ १९९५ आणि १९९७ ला वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला.

मी अटलांटात अठरा वर्षं आहे, ब्रेव्ह्जचा माणूस. एप्रिल २०१९ मध्ये आमच्या संघाने दहा दिवसांच्या आत दोन करार केले. रोनाल्ड अकुन्या धाकटा, वय २१: आठ वर्षं, १० कोटी डॉलर. ऑझी ऑल्बीज, वय २२: सात वर्षं, साडेतीन कोटी डॉलर. वर दोघांच्याही करारात पुढची दोन-दोन वर्षं संघाच्या मर्जीवर. २०२२ मध्ये ऑस्टिन रायली, मायकेल हॅरिस आणि स्पेन्सर स्ट्रायडर यांनाही असंच धरून ठेवलं.

१० जुलै २०२१ ची रात्र मला लख्ख आठवते. मायामीत सामना होता. उजवीकडे खोल गेलेल्या फटक्यामागे अकुन्या धावला, कुंपणापाशी उडी मारली, आणि उतरताना त्याचा उजवा गुडघा असा वळला की माझी बायको, जी एरवी बेसबॉल लागला की पुस्तक घेऊन बसते, ती 'आई गं' म्हणत उठून उभी राहिली. फलंदाज चारी बेस धावून घरी आला तेव्हा अकुन्या अजून जमिनीवरच होता. उठून चालायला गेला, पुन्हा बसला. शेवटी गाडीवर बसवून बाहेर नेलं. एसीएल (गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध) फाटला होता. वय २३. तो करार नसता, तर त्या रात्री त्याच्या हातात पुढच्या मोसमाचीसुद्धा खात्री नसती. करार होता म्हणून माणूस निवांत बरा झाला, आणि २०२३ मध्ये ४१ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके), ७३ चोरलेले बेस (फटक्याशिवाय धावून गाठलेले), एकमताने एमव्हीपी (लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू). संघाने त्याला त्या वर्षी १.७ कोटी दिले. दोघांचंही भलं झालं असं मी मानतो.

पर्वतीपायथा:

पुण्यातून वाचतोय, खेळ थोडाफार कळतो. पण पोरगा एवढा चांगला असेल तर दुसऱ्याच वर्षी दुसरा संघ जास्त पैसे देऊन त्याला नेत का नाही? आयपीएलमध्ये निदान लिलाव तरी होतो.

आकडेमोड:

@पर्वतीपायथा, नेऊ शकत नाही, सगळी गोम तिथेच आहे. मेजर लीगमध्ये आल्यावर पहिली सहा वर्षं खेळाडू त्याच संघाच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षं जवळपास किमान पगार (२०२५ ला ७ लाख ६० हजार डॉलर). पुढची तीन वर्षं पगार पटला नाही तर लवादासमोर जायचं. सहा वर्षं भरली की मोकळा, मग कुणीही बोली लावावी. वर्ष म्हणजे १७२ दिवस. २०१५ मध्ये शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटला मोसम सुरू झाल्यावर काही दिवसांनी खालच्या लीगमधून वर बोलावलं, त्याचे भरले १७१ दिवस. एका दिवसाने तो आणखी एक वर्ष संघाकडे अडकला. खेळाडू संघटनेने तक्रार केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली.

ही सहा वर्षंसुद्धा झगडून मिळालेली आहेत. कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ मध्ये दुसऱ्या संघात झालेली स्वतःची परस्पर बदली नाकारली, खटला थेट सुप्रीम कोर्टात नेला आणि १९७२ मध्ये हरला. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला तेव्हा कुठे मोकळीक मिळाली. लवकर केलेल्या करारात खेळाडू नेमकी या मोकळिकीचीच पहिली काही वर्षं विकतो. ती किती स्वस्तात जातात हा खरा प्रश्न आहे.

@चॅटाहूचीकाठ, तुम्ही फक्त अकुन्याचा गुडघा पाहिलात. संघ असे पाच करार करतो. त्यातले दोन बुडाले तरी उरलेले तीन सगळं भरून काढतात. खेळाडूकडे स्वतःचे दोनच गुडघे असतात. म्हणून घाबरून कमी भावात सही करायची पाळी नेहमी त्याच्यावरच येते.

देवगड७४:

आकडेमोड यांच्याशी सहमत. हा व्यवहार मी लहानपणी घरात पाहिलेला आहे.

आमच्याकडे आंब्याची बाग मोहोरावर विकतात. जानेवारीत व्यापारी येतो, झाडं बघत हिंडतो, आकडा सांगतो. पैसे आधी मिळतात, मग फवारणी, राखण, उतरवणी सगळं त्याचं. एका वर्षी आत्याचं लग्न ठरलेलं, आजोबांनी फार न ताणता विसार घेतला. त्या वर्षी झाडं नुसती लगडली. आजोबा खळ्यात बसून आपल्याच झाडांच्या पेट्या दुसऱ्याच्या टेंपोत चढताना मोजत होते. मोजू नका म्हटलं तरी मोजत होते. हेही सांगितलं पाहिजे की पुढच्या वर्षी तुडतुड्यांनी मोहोर खाल्ला, बुडाला तो व्यापारी, आणि आम्ही त्या वर्षी दोन वेळा नीट जेवलो ते त्याच्याच पैशावर. म्हणून आधी विकण्याला मी वाईट म्हणणार नाही.

पण त्या व्यापाऱ्याने कधी असं लिहून घेतलं नाही की 'पुढची दोन वर्षं, मला वाटलं तर, याच भावाने'. ऑल्बीजकडून ते लिहून घेतलंय. वर्षाला ७० लाख, दोन वर्षं, संघाला वाटलं तर. २०२३ मध्ये ३३ होमरन मारणारा सेकंड बेसमन! कुरासाओचा पोरगा, सोळाव्या वर्षी साडेतीन लाख डॉलरवर सही करून आलेला. समोर साडेतीन कोटी ठेवल्यावर घरच्यांकडे बघून तो हो म्हणणारच. त्याने स्वतः तसंच सांगितलं होतं, घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून. अडलेल्या माणसाचा होकार हा बाजारभाव नसतो.

मॅसवासी:

मी दोघांच्याही विरुद्ध लिहितेय, प्रेक्षक म्हणून. लांबचा करार झाला की खेळाडू 'आपला' झाला हा जो दिलासा मिळतो, तो खोटा आहे.

आमच्या बॉस्टनने मूकी बेट्सला वेळेत बांधलं नाही, फेब्रुवारी २०२० मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सना देऊन टाकलं. त्यांनी त्याच जुलैमध्ये १२ वर्षांचा ३६.५ कोटींचा करार केला आणि त्याच वर्षी ते विजेते ठरले. ते दुःख नको म्हणून राफाएल डेव्हर्सला जानेवारी २०२३ मध्ये दहा वर्षांसाठी ३१ कोटींवर रक्कम देऊन ठेवलं. माझ्या मुलाने तेव्हाच ११ नंबरचा शर्ट मागून घेतला. १५ जून २०२५, फादर्स डे, आम्ही चौघं फेनवेवर, बॉस्टनच्या मैदानात. समोर यांकीज. डेव्हर्सने होमरन मारला, आम्ही २-० जिंकलो, मुलगा घसा बसेपर्यंत ओरडला. घरी येऊन शर्ट धुवायला टाकला आणि फोनवर बातमी आली: डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला. जागा बदलून खेळण्यावरून संघाशी त्याचं बिनसलं होतं हे माहीत होतं, तरी त्या संध्याकाळी मुलाला काय सांगावं सुचेना. 'आई, दहा वर्षं म्हणाली होतीस ना?' एवढंच विचारलं त्याने.

आणि पोरांची पारख म्हणाल तर एप्रिल २०२५ मध्ये क्रिस्टियन कॅम्पबेलला पदार्पणानंतर आठवड्याभरात आठ वर्षांचे सहा कोटी दिले. जूनमध्ये तो खालच्या लीगमध्ये परत. ऑगस्टमध्ये लगेच रोमन अँथनीला आठ वर्षांचे १३ कोटी. तो मोठा होईल असं मलाही वाटतं, पण वाटण्यावर आठ वर्षं?

तळ्याकाठी:

ताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण बॉस्टनचं दुखणं वेगळं आणि मिलवॉकीचं वेगळं. तुमच्याकडे पैसा आहे, चुकलं तर दुसरा विकत आणता. आम्हाला ती सोय नाही.

आमच्याच संघात दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी घडल्यात. रायन ब्रॉनने मे २००८ मध्ये आठ वर्षांचा साडेचार कोटींचा करार केला आणि अख्खी कारकीर्द इथेच काढली. (२०१३ च्या उत्तेजकांच्या बंदीने त्याने आम्हाला मान खाली घालायला लावली, ते विसरलेलो नाही.) त्याच्या बरोबरीचा प्रिन्स फील्डर लांबच्या करारात अडकला नाही, सहा वर्षं भरताच २०१२ च्या जानेवारीत डेट्रॉइटकडून २१.४ कोटी घेऊन गेला. त्याने योग्यच केलं, २०१६ मध्ये मानेच्या दुखापतीने त्याचा खेळ संपला. पण आमच्या हातात काय राहिलं?

म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये जॅक्सन चोरिओला मेजर लीगचा एकही चेंडू खेळण्याआधी आठ वर्षांसाठी ८.२ कोटी दिले तेव्हा मला आनंद झाला. वय १९. पहिल्याच मोसमात २१ होमरन, २२ चोरलेले बेस. त्याच्या सामन्याला जाताना मनात धाकधूक नसते की हा तीन वर्षांत जाणार. लहान गावाच्या संघाला ही एवढीच एक संधी असते, कुणाला ठाऊक नसताना पारख करायची.

पर्वतीपायथा:

आणि पारख चुकली तर? १९ व्या वर्षी कुणाचं काय सांगता येतं.

तळ्याकाठी:

चुकते. ह्यूस्टनने २०१४ मध्ये जॉन सिंगलटनला पदार्पणाआधीच पाच वर्षांचे एक कोटी दिले, पहिल्या मोसमात त्याची फलंदाजीची सरासरी .१६८, म्हणजे फारच कमी. सिअ‍ॅटलचा इव्हान व्हाइट, फिलाडेल्फियाचा स्कॉट किंगरी, दोघांनाही सहा वर्षांचे २.४ कोटी, दोघेही चालले नाहीत. पण बघा, संघाला ती रक्कम झेपते, आणि त्या पोरांचं आयुष्य मार्गी लागतं. यात रडायचं कुणी?

मॅसवासी:

सगळेच दोन-अडीच कोटींचे नसतात. टॅम्पा बेने नोव्हेंबर २०२१ मध्ये वँडर फ्रँकोला, फक्त ७० सामने पाहून, ११ वर्षांचे १८.२ कोटी कबूल केले. ऑगस्ट २०२३ मध्ये गंभीर आरोप पुढे आल्यापासून तो मेजर लीगमध्ये खेळलेला नाही. विशीतल्या मुलाचा फटका पाहून माणूस कळत नाही.

देवगड७४:

आणि थांबलं की काय होतं तेही बघा. हुआन सोतोने २०२२ मध्ये वॉशिंग्टनचे १५ वर्षांचे ४४ कोटी नाकारले. लोकांनी वेड्यात काढलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी त्याच १५ वर्षांचे ७६.५ कोटी दिले.

चॅटाहूचीकाठ:

सोतोचं उदाहरण इथे लागू होत नाही. सोळाव्या वर्षी त्याला १५ लाख मिळाले होते, अकुन्याला एक लाख. आणि ४४ कोटी नाकारले त्या वर्षी तो लवादाच्या टप्प्यात १.७१ कोटी कमावत होता. पोटाला चिमटा नसेल तर थांबता येतं. मी बोलतोय ते पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या पोराबद्दल, ज्याच्या घरी अजून काहीच पोचलेलं नाही. त्याला 'थांब, नशीब काढशील' असं आपण सोफ्यावर बसून सांगणं मला पटत नाही. अकुन्याचा २०२४ च्या मे महिन्यात दुसरा, डावा गुडघाही गेला. आता सांगा, करार नसता तर त्याच वर्षाअखेर मोकळा होऊन तो कुठल्या गुडघ्यावर बोली मागणार होता?

पण देवगडकर, तुमच्या आजोबांच्या पेट्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. ऑल्बीजच्या त्या शेवटच्या दोन वर्षांबद्दल मी इतकी वर्षं 'काय सौदा मारला आमच्या जीएमने' असं अभिमानाने सांगत आलो. ते आता सांगणार नाही. सात वर्षं ठीक. वरची दोन संघाच्या मर्जीवर आणि तीही त्याच भावाने, हे चूक होतं.

आकडेमोड:

मग दुसऱ्या बाजूचंही उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२४, कॅन्सस सिटी, बॉबी विट धाकटा: ११ वर्षं, जवळपास २८.९ कोटी. लहान बाजाराचा संघ, लवकरचा करार, पण २०३० पासून चार वर्षं दर मोसमानंतर बाहेर पडायची मुभा खेळाडूला. दुखापत झाली तर पैसे पक्के, खेळ बहरला तर पुन्हा बाजारात. मला हा नमुना मान्य आहे.

तळ्याकाठी:

मला नाही. दुखापतीचा खर्च आमचा आणि बहरलेला खेळाडू दुसऱ्याचा, मग आम्ही १९ व्या वर्षी विश्वास टाकला त्याचं काय? चोरिओच्या करारात ही मुभा असती तर मी आज त्याच्या नावाचा शर्ट मुलीला घेतला नसता.

मॅसवासी:

घ्या शर्ट. फक्त तिला वर्षं सांगू नका.