मनोविकारतज्ज्ञाने पद आणि संघटनेचे काम स्वीकारावे का?

प्रश्न
मी मनोविकारतज्ज्ञ आहे. रुग्णालयाने विभागप्रमुखपदाबद्दल विचारणा केली आहे आणि त्याच सुमारास आमच्या व्यावसायिक संघटनेच्या कार्यकारिणीसाठीही माझे नाव सुचवण्यात आले आहे. रुग्ण तपासण्याची माझी ओढ कमी झालेली नाही. परंतु खाटा किती असाव्यात, कोणती औषधे उपलब्ध व्हावीत, रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध केव्हा दाखल करता येईल हे सारे इतरत्र ठरते आणि परिणाम मात्र रुग्ण भोगतात, हे मला अस्वस्थ करते. या कामातून खरोखर काही साधते का?

उत्तर : एक निवृत्त विभागप्रमुख
साधते, मात्र त्याला बराच काळ लागतो. इटलीचे फ्रँको बासाल्या १९६१ मध्ये गोरिझिया येथील मनोरुग्णालयाचे संचालक झाले, तेव्हा रुग्णांना बांधून आणि कोंडून ठेवणे ही तेथील रीत होती. त्यांनी आधी आपल्या अधिकारातले बदलले : दारे उघडली, रुग्णांच्या सभा भरवल्या. १९७१ पासून त्रिएस्ते येथे हेच काम त्यांनी पुढे नेले आणि १९७८ मध्ये इटलीने कायदाच करून जुनी मनोरुग्णालये टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मार्ग स्वीकारला. विभागप्रमुखपद म्हणजे केवळ रजेचे अर्ज आणि खरेदीच्या फायली, असे मानणाऱ्यांनी हा क्रम जरूर पाहावा. कॅनडाचे ब्रॉक चिझम हेही मनोविकारतज्ज्ञच. १९४८ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेचे पहिले महासंचालक झाले.

उत्तर : संघटनेत काम केलेली एक सदस्य
वरील मताशी मी सहमत आहे, पण संघटना आपोआप रुग्णाच्या बाजूने उभी राहते असे मात्र समजू नये. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला विकारांच्या यादीत ठेवले होते, आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्या समलैंगिक डॉक्टरला नोकरी गमावण्याची भीती होती. म्हणूनच १९७२ च्या अधिवेशनात जॉन फ्रायर यांना मुखवटा घालून, आवाज बदलून बोलावे लागले. पुढच्याच वर्षी विश्वस्त मंडळाने ती नोंद काढली. काही सदस्यांनी त्यावर मतदान घेण्यास भाग पाडले, तरी १९७४ मध्ये निर्णय कायम राहिला. हा बदल एकट्या फ्रायर यांच्यामुळे झाला नाही. बाहेरून कार्यकर्त्यांचा दबाव होता आणि आत तो ऐकून घेणारे पदाधिकारी होते. मला हे आतले काम सर्वांत मोलाचे वाटते. कार्यकारिणीत वेतन, प्रॅक्टिसचे अधिकार आणि इतर शाखांशी असलेले वाद यांवरच बैठका संपतात. तेथे रुग्णांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा विषय पुन्हा पुन्हा मांडणारी व्यक्ती हवी असते, आणि शक्य असल्यास त्यांनाच बोलवावे.

उत्तर : एक सहकारी
बाह्यरुग्ण विभागातले काम पूर्ण सोडू नका, आणि नियुक्ती स्वीकारण्यापूर्वीच त्यासाठीचे दिवस लेखी ठरवून घ्या. माझ्या मते आधी विभाग सांभाळावा. मनुष्यबळ आणि निधी यांचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या डॉक्टरचे म्हणणे धोरण ठरवणारे अधिक गांभीर्याने ऐकतात, शिवाय कोणती मागणी अंमलात येऊ शकते हे आपल्यालाही नेमके सांगता येते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. दिवसांची अट घालूनच विभागप्रमुखपदाबद्दल उत्तर देईन. कार्यकारिणीबद्दल मात्र, तेथे रुग्णांच्या प्रतिनिधींना स्थान देण्याची तयारी आहे का, हे आधी विचारणार आहे.