नोड ग्रुपवर किती इनपुट उघडे ठेवावेत?

ओसरी (धागाकर्ता)

गेले काही महिने मी ब्लेंडर या त्रिमितीय आकार रचण्याच्या सॉफ्टवेअरमधील जिऑमेट्री नोड्समध्ये (तारांनी जोडलेल्या छोट्या क्रियांमधून, म्हणजे नोडांमधून, आकार घडवण्याच्या सोयीत) जुन्या वाड्याचा एक नोड ग्रुप, म्हणजे अशा नोडांचा एकत्र बांधलेला संच, रचत आहे. खणांची (दोन खांबांमधल्या गाळ्यांची) संख्या आणि मजले सांगितले की तळखडे (खांबांखालचे दगड), खांब, तुळया आणि कडीपाट आपोआप उभे राहावेत, एवढाच हेतू होता. ग्रुप इनपुटच्या नोडवर शेवटचे सॉकेट (तार जोडण्याचे टोक) नेहमी रिकामे असते आणि आतल्या कोणत्याही मूल्याची तार तेथे आणून सोडली की नवा इनपुट तयार होतो. ही सोय इतकी हाताशी आहे की पाहता पाहता माझ्या ग्रुपवर 34 इनपुट जमले. तो एका सहकाऱ्याला वापरायला दिला, तेव्हा त्याने त्यांपैकी चारांनाच हात लावला आणि उरलेल्यांविषयी भीतभीत विचारले, ‘यांतले काही बदलले तर बिघडेल का?’

त्यानंतर मी ते सात इनपुटांवर आणले. माझे मत असे, की उघडे ठेवलेले प्रत्येक सॉकेट हा बहुतेक वेळा रचणाऱ्याने न घेतलेला आणि वापरणाऱ्याच्या गळ्यात घातलेला निर्णय असतो. तळखड्याची उंची खांबाच्या जाडीवरून काढता येते. जी गोष्ट आतल्या गणिताने निघते ती बाहेर विचारू नये. इतरांचा अनुभव वेगळा असल्यास वाचायला आवडेल.

रेषाकार

अनुभव वेगळा आहे, आणि मतही. तळखडा खांबाच्या जाडीवरून निघतो हा आपण पाहिलेल्या वाड्यांचा नियम झाला. कोकणातल्या चिऱ्याच्या घराच्या पडवीला तोच ग्रुप लावू पाहणाऱ्या माणसाने काय करायचे? त्याला बाहेर सॉकेट सापडणार नाही, म्हणून तो टॅब दाबून ग्रुपच्या आत शिरेल आणि तेथला आकडा बदलेल. तोच ग्रुप त्या फाइलमध्ये आणखी पाच ठिकाणी वापरलेला असेल, तर पाचही ठिकाणचे खांब बदलतील, कारण ग्रुपची आतली रचना सामाईक असते. हे टाळण्यासाठी नावाशेजारच्या आकड्यावर क्लिक करून त्याने स्वतंत्र प्रत काढली, तर आपण पुढे केलेली कोणतीही सुधारणा त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. म्हणजे सॉकेट झाकल्याने निर्णय आपल्याकडे राहत नाही. तो फक्त चोरवाटेने घेतला जातो.

गर्दीची तक्रार पूर्वी योग्य होती. 2023 च्या नोव्हेंबरात आलेल्या 4.0 आवृत्तीपासून ग्रुपच्या इंटरफेसमध्ये (इनपुट-आउटपुटांच्या यादीत) पॅनेल, म्हणजे गट, करता येतात आणि ते मुळातच मिटलेले ठेवता येतात. नेहमीचे सात इनपुट वर आणि बाकीचे सत्तावीस ‘बारकावे’ नावाच्या मिटलेल्या पॅनेलमध्ये ठेवावेत. ज्याला हवे तो उघडेल.

गणकवेडा

दोघेही मोजदाद करीत आहात, पण माझ्या मते घोळ संख्येत नसून प्रकारात आणि मर्यादांत आहे. सातच इनपुट असले, तरी ते नीट ठरवलेले नसतील तर ग्रुप फसवाच राहतो.

मी स्वतः केलेली चूक सांगतो. छपराच्या उताराचा इनपुट मी साध्या दशांश प्रकारात ठेवून त्याला ‘कोन’ हा उपप्रकार दिला होता. तसे केले की पटलावर अंश दिसतात, पण आत जाणारे मूल्य रेडियन या कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात असते. पुढे कोणीतरी तेथे हाताने 30 लिहिण्याऐवजी दुसऱ्या नोडमधून 30 हा पूर्णांक जोडला आणि ते 30 रेडियन झाले. छप्पर कोठेतरी भलतीकडेच वळले. तार तांबडी झाली नाही, कारण पूर्णांकातून दशांशात होणारे रूपांतर ब्लेंडर मुकाट्याने करतो. जिऑमेट्रीची तार संख्येच्या सॉकेटला जोडली असती तर निदान ती तांबडी दिसली असती.

दुसरी गोष्ट किमान आणि कमाल मर्यादांची. या मर्यादा हाताने भरायच्या रकान्यापुरत्याच असतात. तारेतून येणाऱ्या मूल्याला त्या अडवत नाहीत. ओसरी, आपल्या ‘खणांची संख्या’ या इनपुटला किमान 1 अशी मर्यादा आपण दिली असेलच. तरीही तारेतून शून्य आले तर ते आत जाईल. मग वाड्याच्या लांबीला शून्याने भागले जाईल, आणि ब्लेंडरचा भागाकाराचा नोड कोणतीही त्रुटी न दाखवता उत्तर शून्य देईल. दोन खांबांमधले अंतर शून्य झाल्यामुळे सगळे खांब एकाच जागी उभे राहतील, आणि शोधणारा तासभर खांबांच्या नोडमध्ये चूक शोधत बसेल. म्हणून ग्रुपच्या उंबरठ्यावरच क्लॅम्प (मूल्य मर्यादेत बांधणारा नोड) किंवा कमाल घेणारा गणिती नोड लावावा. रकान्यातली मर्यादा ही पाटी आहे, कुंपण नव्हे.

ओसरी

गणकवेडा, शून्य खणांचा प्रयोग आत्ताच करून पाहिला आणि आपण म्हणता तसा खांबांचा ढीगच झाला. दुरुस्ती केली आहे, आभार.

रेषाकार, पॅनेलविषयी मात्र मी सहमत नाही. मिटलेल्या पॅनेलमधले सॉकेटही सॉकेटच असते, आणि ते एकदा उघडले की परत घेता येत नाही. नवा इनपुट नंतर वाढवला, तर जुन्या सर्व जागी त्याचे मूळ मूल्य भरले जाते आणि कोणाचे काही बिघडत नाही. पण असलेला इनपुट काढला, तर त्याला जोडलेल्या तारा प्रत्येक फाइलमध्ये तुटतात. वाढवणे स्वस्त आणि काढणे महाग असेल, तर सुरुवात कमीपासून करणे शहाणपणाचे नाही का? कोकणातल्या पडवीची मागणी खरोखर आली, की त्या दिवशी तळखड्याचे सॉकेट उघडता येईल.

पडद्याआड

मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्क्रिप्टमधून असे ग्रुप शेकड्याने चालवतो, म्हणून त्या बाजूने एक भर घालतो. मॉडिफायरमधल्या (वस्तूला ग्रुप लावण्याच्या जागेतल्या) इनपुटला स्क्रिप्ट नावाने हाक मारत नाही. ‘सॉकेट_2’ अशा अंतर्गत ओळखखुणेने मारते. त्यामुळे ‘खण’ हे नाव बदलून ‘खणांची संख्या’ केले तरी काहीही मोडत नाही. परंतु तोच इनपुट पुसून त्याच नावाने पुन्हा तयार केला, तर डोळ्यांना सगळे जसेच्या तसे दिसते आणि ओळखखूण मात्र नवी असते. माझी स्क्रिप्ट जुन्या खुणेवर मूल्य लिहीत राहते आणि ते कोठेच पोहोचत नाही. त्यातच 4.0 मध्ये इनपुट तयार करण्याची पद्धतच बदलली. आधी इनपुट आणि आउटपुट यांच्या दोन वेगळ्या याद्या होत्या, आता दोन्ही एकाच इंटरफेसमध्ये असतात. त्यामुळे त्या वर्षी माझी निम्मी साधने पुन्हा लिहावी लागली.

म्हणून मी ओसरींच्या बाजूचा आहे, पण कारण वेगळे आहे. सौंदर्यदृष्टीशी मला कर्तव्य नाही. सात इनपुट असले तर सात खुणा सांभाळाव्या लागतात, चौतीस असले तर चौतीस.

रेषाकार

स्क्रिप्टचा मुद्दा मान्य. मात्र आधी नावावरून ओळखखूण शोधून मग मूल्य लिहिणारी चार ओळींची सोय केली, तर ही अडचण बरीचशी राहत नाही.

चर्चा इनपुटांभोवतीच फिरते आहे, याचे आश्चर्य वाटते. आउटपुटांचे काय? भिंतीचा ओल चढलेला भाग कोणता, खिडकीची चौकट कोणती, हे ग्रुपला आत ठाऊक असते. ही फील्ड (आकारावर जागोजागी बदलणारी मूल्ये) आउटपुट म्हणून बाहेर काढली, तर मॉडिफायरमध्ये त्यांना नाव देऊन ॲट्रिब्यूट (आकारासोबतची माहिती) म्हणून साठवता येतात, आणि तेच नाव शेडरमधल्या (रंग-पोत ठरवणाऱ्या भागातल्या) ॲट्रिब्यूट नोडला दिले की ओल चढलेल्या भागाला वेगळा रंग देता येतो. आपला वाडा आज फक्त जिऑमेट्री बाहेर देत असेल, तर रंगकाम करणाऱ्याला तो भाग पुन्हा हाताने निवडत बसावे लागेल.

ओसरी

येथे मी हार मानतो. आउटपुटांची गोष्ट निराळी आहे, कारण न जोडलेल्या आउटपुटासाठी ब्लेंडर आतली आकडेमोड करीतच नाही आणि वापरणाऱ्याला त्यापुढे कोणताही निर्णय घ्यावा लागत नाही. ओल, चौकट आणि मजल्याचा क्रमांक अशी तीन आउटपुट आज उघडतो.

तळखड्यासाठीही एक मधला मार्ग सुचतो. 4.1 मध्ये मेनू स्विच हा नोड आला आहे. त्यातून ‘वाडा’ आणि ‘पडवी’ असे दोन पर्याय देणारा एकच मेनू बाहेर ठेवला, तर प्रमाणे आत राहतील.

रेषाकार

दोन पर्याय म्हणजे पुन्हा आपल्या मनातली दोनच घरे. माझ्या आजोळच्या पडवीचे खांब चिऱ्यात बांधलेले आहेत आणि त्यांना तळखडा नाहीच. मेनूतला कोणता पर्याय मी निवडू? उंचीचे सॉकेट असते तर तेथे शून्य लिहून मी मोकळा झालो असतो.

गणकवेडा

शून्य लिहिण्यापूर्वी त्या उंचीने आत कोठे भागले जात नाही ना, तेवढे मात्र पाहून घ्यावे.