भातकापणीत लहान पोरांना शेतावर न्यावं का?

आम्ही गुहागरजवळ राहतो, कापणी सुरू झालीय, घरातले सगळे शेतावर आणि माझी चार वर्षांची लेक सकाळपासून 'मला पण यायचंय' म्हणून मागे लागते. धाकटा रांगतोय. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढतं, भाताच्या कुसांनी हिचं अंगही खाजतं. तुम्ही काय करता?

रत्नागिरीकर आई: न्या हो, पण ऊन चढायच्या आत परत आणा. अंगभर सुती कपडे, पायात बूट. आणि कापलेल्या भाताखाली फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, बसलेलं असू शकतं, आमच्याकडे ती भरपूर, रंग मातीसारखा, पटकन दिसतच नाही, म्हणून पेंढी पोरांना अजिबात उचलू देऊ नका, मोठ्यांनी आधी काठीने हलवावी. चावलंच तर थेट सरकारी दवाखाना, झाडपाला करत बसू नका प्लीज.

मालवणची मावशी: धाकट्याला घरीच ठेव गो. मोठीला बांधावर कारिटं, ती छोटी रानटी फळं, शोधायला लाव, नरकचतुर्दशीला पायाच्या अंगठ्याने फोडायला लागतातच. आमची पोरं हिरवी पट्ट्यापट्ट्यांची कारिटं फ्रॉकच्या ओच्यात भरून आणतात, फक्त तोंडात घालू देऊ नको, कडूजहर असतात. घरी आल्यावर आधी आंघोळ, मग खोबरेल.

गुहागरची आई: फुरशाचं सासूबाईंना आजच सांगते. उद्या सकाळीच नेते तिला.