स्तरित, समूह की कोटा? उदाहरणावरून नमुना पद्धत कशी ओळखायची

समाजशास्त्र_एमए
संशोधन पद्धतीच्या पेपरात उदाहरण देऊन नमुना पद्धत ओळखायला सांगतात. व्याख्या पाठ आहेत, तरी उदाहरण आलं की अडायला होतं. ही चार बघा:
१) १२०० कामगारांच्या हजेरीपटातून दर बारावा कामगार.
२) ४० शाळांमधून चिठ्ठ्या टाकून ८ शाळा, आणि त्या आठांतले सगळे शिक्षक.
३) ग्रंथालयाच्या दारात भेटतील तसे ६० पुरुष आणि ६० स्त्रिया.
४) बाजारात ‘रँडमली’ भेटलेले १०० ग्राहक.
दुसऱ्या आणि तिसऱ्यात गट आहेत, म्हणून दोन्ही स्तरित वाटतात. चुकतंय कुठे?

चौकट_आधी
‘गट दिसले की स्तरित’ इथेच चुकतंय. गट स्तरितमध्ये असतात, समूहमध्ये असतात आणि कोटामध्येही असतात. म्हणून गटांकडे नंतर बघा. आधी विचारा, शेवटचा माणूस चिठ्ठीने निवडला की मुलाखत घेणाऱ्याने? मुलाखत घेणाऱ्याने निवडला असेल तर ती संभाव्यता पद्धत (निवड चिठ्ठीवर सोडणारी) नाही, मग आकडे कितीही समसमान असोत. तिसरं म्हणूनच कोटा: प्रत्येक गटाची संख्या आधी ठरवायची आणि भेटतील त्यांतून ती भरायची. चौथं सोयीस्कर, म्हणजे हाताशी आले तेच घेतले; तिथला ‘रँडमली’ हा शब्द सापळा आहे. वाटेल त्याला विचारणं म्हणजे यादृच्छिक निवड नव्हे. यादृच्छिक म्हणायचं तर प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता आधी माहीत हवी आणि ती शून्य नसावी.

निवड चिठ्ठीने झाली असेल तर पुढचा प्रश्न: सगळ्या गटांतून थोडे लोक घेतले की थोडेच गट घेतले? सगळ्या गटांतून थोडे म्हणजे स्तरित. थोडेच गट, पण त्यांतले सगळे, म्हणजे समूह. दुसऱ्यात ३२ शाळा पूर्ण बाहेर राहिल्या, तेव्हा तो समूह नमुना.

कोट्याला कमी लेखू नका, पण त्याची मर्यादा लिहा. १९४८च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत प्रमुख जनमत चाचण्यांनी कोटा वापरला आणि ड्यूई जिंकतील असं सांगितलं, जिंकले ट्रुमन. शेवटच्या दिवसांआधीच मुलाखती थांबवणं हेही एक कारण होतं. पण कोटा भरताना सहज भेटणारी माणसंच जास्त येतात, ही अडचण खरीच.

आकडेमोड
पहिलं क्रमबद्ध. पण ‘दर बारावा’ एवढं लिहून भागत नाही. १२०० मधून १०० कामगार घ्यायचे, तर १२०० भागिले १०० म्हणजे अंतराल १२. १ ते १२ मधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा. समजा ७ आला, तर ७, १९, ३१ असं जात शेवटचा ११९५. सुरुवातीची चिठ्ठी काढली नसेल तर उत्तरात तसं नोंदवा.
यादीचा क्रमही तपासा. हजेरीपट बारा-बारांच्या तुकड्यांत असेल आणि प्रत्येक तुकडीत पहिलं नाव मुकादमाचं असेल, तर १ आल्यावर शंभरच्या शंभर मुकादमच येतील. दुसरा कुठलाही आकडा आला तर एकही नाही.

समूहाची किंमतही लक्षात घ्या. ८ शाळा, प्रत्येकी २५ शिक्षक, म्हणजे २०० जण. एकाच शाळेतले लोक एकमेकांसारखे असतात. हे साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.१० धरलं तर आराखड्याचा परिणाम, म्हणजे तेवढ्याच अचूकतेसाठी साध्या यादृच्छिक नमुन्याच्या किती पट माणसं लागतात ते, १ + (२५ − १) × ०.१० = ३.४. म्हणजे २०० जणांची माहिती साध्या यादृच्छिक नमुन्यातल्या सुमारे ५९ जणांइतकीच अचूक. शक्य असेल तर शाळा वाढवा आणि प्रत्येक शाळेतले शिक्षक कमी करा.

समाजशास्त्र_एमए
आणि यादीच नसेल, पण दुकानातून बाहेर पडणारा दर दहावा माणूस घेतला तर? तेही सोयीस्करच ना?

चौकट_आधी
नाही. सुरुवातीचा आकडा चिठ्ठीने काढला आणि मुलाखत घेणाऱ्याने मोजणी मोडली नाही, तर ती क्रमबद्ध निवडच. बाहेर पडणाऱ्यांची रांग हीच तिथली यादी. मात्र निष्कर्ष त्या वेळेतल्या भेटींपुरता. आठवड्यातून पाचदा येणाऱ्याची निवड व्हायची शक्यता एकदा येणाऱ्याच्या सुमारे पाचपट असते, म्हणून ‘किती वेळा येता?’ हा प्रश्न ठेवा आणि त्यावरून भार द्या, म्हणजे जास्त वेळा येणाऱ्याचं उत्तर त्या प्रमाणात कमी मोजा. दहावा माणूस घाईत दिसला म्हणून अकराव्याला थांबवलं, की पद्धत मोडली. नकार नकार म्हणूनच लिहायचा आणि थेट विसाव्याकडे जायचं.

आकडेमोड
एक भर. प्रश्नात ‘प्रत्येक विभागातून ५ गावं, प्रत्येक गावातून २० घरं’ असं आलं आणि दोन्ही निवडी चिठ्ठीने झाल्या असतील, तर नुसतं ‘समूह’ लिहू नका. गावांत सगळी घरं घेतलेली नाहीत, आधी गावं आणि मग घरं अशी टप्प्याटप्प्याने निवड झाली, म्हणून बहुटप्पी. आणि विभाग एकही सुटलेला नाही, म्हणून विभागवार स्तरित. दोन्ही लिहा.